वळिवड्याच्या बराकीतले घर

श्रोतेहो, जुना वाडा पडला तरी त्याचा माग सहसा पुसला जात नाही. चौथरा राहतो, आडाचे तोंड राहते, परसातले एखादे झाड राहते. तेही गेले तर खरेदीखतातील चतुःसीमा आणि भूमापनाचा नकाशा एवढे तरी हाती लागते. परंतु जे घर मुळात चार-दोन वर्षांच्या गरजेपुरतेच उभारले गेले, ज्याचे खरेदीखत कधी झालेच नाही, ज्यात राहणाराला भाडेकरू म्हणावे की पाहुणा हेही ठरलेले नव्हते, त्या घराचा माग कोणी आणि कसा काढावयाचा? विसाव्या शतकातील युद्धांनी आणि फाळण्यांनी अशी घरे जगभर लाखांनी उभी केली आणि लाखांनी पुसून टाकली. त्यात ज्यांचे बालपण गेले ती माणसे मात्र त्या घरांचे पत्ते अद्याप शोधीत आहेत. अशाच एका वसाहतीची हकीकत आज सांगावयाची आहे.

तात्पुरत्या निवाऱ्याची ओळख आपल्या हुबळीलाही नवी नाही. १८९८ साली हुबळीत प्लेगने भयंकर थैमान घातले. डॉक्टर लॉयमान यांनी हाफकिनची लस येथे हजारो लोकांना टोचली. वैद्यकाच्या इतिहासात त्या मोहिमेची नोंद आहे. परंतु त्या काळी गावोगावची माणसे घरेदारे सोडून माळावर ज्या झोपड्यांत जाऊन राहिली, त्या झोपड्यांचा इतिहास कोणी लिहिला? कोणाचे बाळंतपण तेथे झाले, कोणाचा वृद्ध पिता तेथेच गेला, हे घराघरातून सांगितले जाई; पण ती जागा नेमकी कोणती, हे दाखविणारे बोट आज उरलेले नाही. साथ सरली, झोपडी मोडली, बांबू कोणी नेले, आणि माळ पुन्हा माळ झाला. लस टोचणाऱ्याचे आकडे राहिले; टोचून घेणाऱ्याचा पत्ता गेला. तात्पुरत्या घराचे हेच प्राक्तन असते.

हुबळीहून मिरजेस आणि मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या वाटेवर मात्र एक असे ठिकाण आहे, की जेथे हा पुसलेला पत्ता पुन्हा वाचता येतो. आपल्या देशपांडे नगरातील अनेक मराठी कुटुंबांनी अंबाबाईच्या दर्शनाला जाताना ते स्टेशन पाहिलेले असेल. कोल्हापूर जवळ आले, सामानाची आवराआवर सुरू झाली, की मध्येच एक लहानसे स्थानक येते. त्याचे नाव वळिवडे. कोल्हापूर संस्थानची ही रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि ती चालविण्याचे काम हुबळीत मोठा कारखाना असलेल्या सदर्न मराठा रेल्वेकडेच होते. तेव्हा या हकीकतीतील आगगाडी तरी आपल्या परिचयाची आहे. तिच्यातून १९४३ साली उतरलेले प्रवासी मात्र फार दूरचे होते. ते पोलंडचे होते.

पोलंडची माणसे पंचगंगेच्या काठी कशी आली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना, त्यांत बायकामुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात हलविण्यात आले. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला. तेव्हा जुलै १९४१ मध्ये पोलंडचे लंडनस्थित सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला व या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. पुरुष सैन्यात गेले. त्यांच्यापैकी अनेकांनी १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील मोंते कासिनोची लढाई लढली. प्रश्न राहिला तो स्त्रियांचा, वृद्धांचा आणि मुलांचा. त्यांना कोणी आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये आसरा दिला. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी वसविली. ती हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु आपल्या देशातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत वळिवड्याला होती, हे त्या मानाने थोड्यांनाच माहीत आहे.

ही वसाहत १९४३ साली उघडली आणि लवकरच तेथे सुमारे पाच हजार माणसे राहू लागली. गादीवरील छत्रपती त्या वेळी अल्पवयीन होते व संस्थानचा कारभार रीजंट मंडळाकडे होता. मोकळी जागा, जवळ नदी, शेजारी लोहमार्ग आणि कोल्हापूरची सौम्य हवा, इतक्या गोष्टी एकत्र मिळाल्या. दगडी जोत्यांवर लांबच लांब बराकी उठल्या. वर कौले, भिंतींना चटया, पुढे पडवी, आणि एकेका बराकीचे भाग पाडून त्यांत एकेक कुटुंब. छावणी म्हटली की डोळ्यांपुढे तारेचे कुंपण उभे राहते. वळिवडे तसे नव्हते. तेथे प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक विद्यालय होते, दवाखाना, चर्च, चित्रपटगृह, नाटकाची हौस आणि बालवीरांची पथके होती. बायकांनी पडवीपुढे फुलझाडे लावली. भाजी विकावयास येणारी आसपासची माणसे कामापुरती पोलिश बोलू लागली, असे त्या छावणीत वाढलेल्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. सैबेरियाच्या बर्फात आप्त गमावून आलेल्या मुलांना येथे पुन्हा पाटी मिळाली, दप्तर मिळाले, परीक्षा मिळाल्या. बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली, तेव्हा तेथील उरलेली मुलेही येथेच आली.

युद्ध १९४५ साली संपले. पण या लोकांचा वनवास संपला नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी जी सीमारेषा मान्य केली, तिच्यामुळे त्यांची गावे सोव्हिएत संघात गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. देश जिंकणाऱ्यांच्या पक्षात, आणि घर मात्र गेलेले, अशी ही विचित्र अवस्था होती. १९४७ साली ब्रिटिश पार्लमेंटने पोलिश सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यानंतर बहुतेक कुटुंबे आगबोटीने इंग्लंडला गेली, काही इतर देशांत पांगली, थोडी पोलंडला परतली. १९४८ च्या पूर्वार्धात वळिवडे रिकामे झाले. लग्न होऊन कोल्हापुरातच संसार थाटणारी पोलिश कन्या हा अपवाद.

आता शोधाचा भाग पाहू. आज इंग्लंडात वा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एखाद्या नातवाला आजीचे वळिवड्याचे घर शोधावयाचे आहे, असे समजा. पहिली अडचण नावाची. पोलिश आडनाव पुष्कळदा पुरुषाचे एक आणि स्त्रीचे दुसरे असते; बापाच्या नावाचा शेवट ‘स्की’ असा असेल, तर आईच्या व मुलीच्या नावाचा शेवट ‘स्का’ असा होतो. त्यात ते नाव रशियन अधिकाऱ्याने आपल्या लिपीत लिहिले, इराणात ब्रिटिश कारकुनाने आपल्या कानाने ऐकून उतरविले, आणि पुढे आगबोटीच्या यादीत तिसऱ्यानेच नोंदविले. एका कुटुंबाची अशी चार-चार रूपे होतात. म्हणून जाणता शोधक एकट्या माणसाच्या मागे लागत नाही. आई, दोन मुली, एक मुलगा अशी सबंध ओळ आणि त्यांच्या जन्मतारखा धरून पुढे जातो. माणसाचे नाव बिघडते, कुटुंबाची आकृती सहसा बिघडत नाही.

दुसरी अडचण गावाच्या नावाची. घरी आलेल्या पत्रांवर पुष्कळदा नुसते ‘कोल्हापूर’ असते, म्हणून वंशज कोल्हापूर शहरात शोधतात. कागदपत्रांत ‘वळिवडे’ असते, म्हणून कोणी वळिवडे गावात जाऊन विचारतो. आणि प्रत्यक्ष छावणीची जागा आज ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव आहे गांधीनगर. जागा एक आणि नावे तीन. ही गाठ सुटल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

कागद कोठे आहेत? ते जगभर विखुरले आहेत. पोलिश सरकारची दप्तरे लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात आहेत. इंडिया ऑफिसची तेथीलच ब्रिटिश लायब्ररीत. भारत सरकारची दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. आणि संस्थानी दप्तर पाहावयाचे तर कोल्हापूरचे पुरालेखागार. आगबोटीच्या याद्यांचा उपयोग वेगळा आहे. त्यांत उतारू इंग्लंडात कोठे जाणार ते लिहिलेले असते. त्यामुळे वळिवड्यानंतरचे ठिकाण कळते आणि तेथून मागे येता येते. छावणीत वाढलेल्या मंडळींनी लंडनमध्ये संघ स्थापून आपल्या आठवणी व कागद एकत्र केले, आणि २००० साली पोलिश भाषेत मोठा ग्रंथ काढला. त्याचे इंग्रजी रूपही पुढे झाले. अनुराधा भट्टाचार्जी यांचे हिंदुस्थानातील पोलिश निर्वासितांवरील इंग्रजी पुस्तक २०१२ साली आले. परंतु या सर्वांहून मोलाचा कागद बहुधा घरीच सापडतो: जुन्या पाकिटावरील बराकीचा क्रमांक, शाळेचे प्रगतिपुस्तक, वर्गाचे छायाचित्र. छायाचित्रातील चेहरे पाहून झाल्यावर पाठीमागे पाहावे. पडवीचे खांब मोजता येतात. सावली कोणीकडे पडली आहे यावरून बराकीची दिशा कळते. क्षितिजावर डोंगराची रेषा असेल तर ती सर्वांत विश्वासू साक्षीदार. कौले गेली, चटया गेल्या, पण डोंगर जागचा हलत नाही. लोहमार्गाचे वळण आणि नदीचे पात्र ही आणखी दोन स्थिर खूण-चिन्हे. या तिहींच्या आधाराने बराकींची ओळ आजच्या गल्लीवर बसविता येते.

येथवर आलेला शोधक गांधीनगरात पोहोचतो, आणि तेथे त्याला तिसरी, खरी अडचण भेटते. त्या घरात नंतर दुसरेच कोणी राहून गेलेले असते.

श्रोतेहो, या हकीकतीचा गाभा येथे आहे. पोलिश कुटुंबे निघून जात होती त्याच सुमारास फाळणीने सिंधमधून उखडलेली हिंदू कुटुंबे मुंबई इलाख्यात आसरा शोधीत होती. सरकारने हाताशी असलेल्या रिकाम्या छावण्या त्यांना दिल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे एक लाख माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. वळिवड्याच्या बराकीही १९४८ साली अशाच भरल्या. ज्या पडवीत पोलिश आई आपल्या नवऱ्याच्या पत्राची वाट पाहत बसे, त्याच पडवीत सिंधी आजी कराचीत वा शिकारपुरात सोडून आलेल्या घराच्या किल्ल्या जपत बसली असेल. या दोन स्त्रियांची एकमेकींशी गाठ पडली नाही. दोघींचीही गावे नव्या सीमारेषेपलीकडे गेली होती, आणि त्या रेषा आखताना दोघींनाही कोणी विचारले नव्हते.

सिंधी माणसाने त्या निवाऱ्याचे नुसते घर केले नाही, पेठ केली. बराकीच्या पुढच्या भागात कापडाचे गठ्ठे आले, पडवीचे दुकान झाले, चटईची भिंत जाऊन विटांची आली, कौलांच्या जागी स्लॅब पडला. दक्षिण महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर कर्नाटकातील व्यापारी घाऊक कापडखरेदीला गांधीनगर गाठू लागले. बराक पाडून इमारत बांधणाऱ्याने काही इतिहास नष्ट केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला दोनदा उठविले गेले आहे त्याला पक्क्या भिंतीची ओढ असणे स्वाभाविकच होय. परंतु त्यामुळे झाले असे, की पोलिश घराचा अखेरचा साक्षीदार आज सिंधी माणूस आहे. ‘आम्ही आलो तेव्हा चूल येथे होती’, ‘मधली भिंत आम्ही काढली’, ‘पूर्वीचे दार रेल्वेच्या बाजूला होते’, ही माहिती लंडनच्या कोणत्याही दप्तरात मिळावयाची नाही; ती लहानपणी त्या बराकीत येऊन राहिलेल्या माणसापाशीच मिळेल. पहिल्या रहिवाशाचे घर शोधावयाचे तर दुसऱ्या रहिवाशाची आठवण विचारावी लागते.

उलट बाजूनेही हे खरे आहे. सिंधी कुटुंबापाशी फाळणीपूर्वीच्या घराचे चित्र क्वचितच असते. गांधीनगरात वाढलेल्या पहिल्या पिढीचे बालपणचे घर म्हणजे हीच बराक. ती मूळ कशी दिसत होती हे आता त्यांना पाहावयाचे असेल, तर पोलिश कुटुंबांनी काढलेली छायाचित्रेच कामास येतील. एकाची आठवण दुसऱ्याच्या पेटीत पडून आहे. या दोन पेट्या एकाच मेजावर उघडल्या गेल्या पाहिजेत.

तात्पुरत्या वस्तीतही क्रमांक मात्र चिवट असतो. उल्हासनगरात बराकी जाऊन बहुमजली इमारती आल्या, तरी पत्ता सांगताना माणसे अजून कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसन कायद्यानंतर अशा वसाहतींत मालकीहक्क देण्याची जी व्यवस्था झाली, तिच्या कागदांतही जुन्या बराकींचे क्रमांक उतरले. घर जाते, क्रमांक राहतो. म्हणून जुन्या मिळकतपत्रिका, घरपट्टीच्या नोंदवह्या व वाटपाची पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची नक्कल व्हावी, ही मागणी करण्यास इतिहाससंशोधकच असले पाहिजे असे नाही.

वळिवड्याहून इंग्लंडला गेलेल्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. त्यांना तेथे पक्की घरे मिळाली नाहीत. युद्धात उभारलेल्या लष्करी व वैमानिक तळांवरील निसेन हटांत, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या कोठारवजा खोल्यांत, त्यांतील बहुतेकांचे पहिले दिवस गेले. हा प्रकार मेजर निसेन याने १९१६ साली पहिल्या महायुद्धात काढला होता. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटल्यावर पुण्याच्या पूरग्रस्तांसाठी निसेन हट उभे राहिले, तेव्हा हे नाव मराठीतही रूढ झाले. इंग्लंडमधील त्या छावण्याही आता बहुतेक नाहीशा झाल्या आहेत; कोठे शेत आहे, कोठे कारखाना, कोठे गवतात काँक्रीटचा एखादा पट्टा. तेव्हा या कुटुंबांच्या वाट्याला एकामागून एक नाहीशी होणारी घरे आली. पूर्व पोलंडमधील घर परदेशात गेले, सैबेरियातील खोपट आठवू नये असे, इंग्लंडमधील पत्र्याची खोली मोडली. या मालिकेत ज्या घराची आठवण माणसे जिव्हाळ्याने काढतात ते घर चटईच्या भिंतींचे होते आणि ते पंचगंगेच्या काठी होते. त्यांच्या मुलानातवंडांनी सात समुद्र ओलांडून ते शोधावयास यावे, यात नवल नाही.

कोल्हापूरने ही आठवण अगदीच टाकली असे नाही. शहरातील महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे आणि ख्रिस्ती दफनभूमीत येथे देह ठेवलेल्यांची थडगी आहेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, महायुद्धाच्या आरंभास ८० वर्षे झाली त्या निमित्ताने, छावणीत वाढलेली वृद्ध मंडळी पोलिश प्रतिनिधींसह वळिवड्यास आली व तेथेही स्मारक उभे राहिले. वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. भारताच्या पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथे पुष्पचक्र वाहिले. हे सर्व योग्यच झाले. परंतु स्मारक म्हणजे पत्ता नव्हे. ‘येथे पाच हजार लोक राहत होते’ एवढे स्मारक सांगते. ‘तुझी आजी या कोपऱ्यावर राहत होती’ हे त्याला सांगता येत नाही. आणि माणूस समुद्र ओलांडून येतो तो त्या दुसऱ्या वाक्यासाठी.

ते वाक्य सांगण्यास काळ फार उरलेला नाही. छावणीत शिकलेली मुले आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. बराकीत येऊन राहिलेली पहिली सिंधी मुलेही त्याच वयाची. दोघांपाशी मिळून जे ज्ञान आहे ते एका साध्या नकाशात उतरविता येईल. बराकींच्या ओळी, त्यांचे क्रमांक, चर्च आणि शाळांच्या जागा, पाण्याचे नळ, आणि प्रत्येक क्रमांकापुढे दोन नावे: पूर्वी राहणाऱ्याचे आणि नंतर राहणाऱ्याचे. कोल्हापुरात विद्यापीठ आहे, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, भूमापनाचे कार्यालय आहे. मोठ्या खर्चाचे हे काम नव्हे; बसून ऐकून घेण्याचे आहे.

आणि हे काम केवळ कोल्हापूरचेच आहे असेही नाही. धरणासाठी उठविलेल्या गावांची पत्र्याची निवासस्थाने, भूकंपानंतरच्या शेड, गिरणी वा रेल्वे कामगारांच्या तात्पुरत्या चाळी, यांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्याचा एखादा अध्याय गेलेला असतो. वडीलधाऱ्यांना त्याविषयी सांगण्यात थोडा संकोच वाटतो. त्या दिवसांत दैन्य होते असे त्यांना वाटत असते. आपण विचारावे. खोलीचा क्रमांक कोणता, पाणी कोठून भरीत, शेजारी कोण होते, दारातून समोर काय दिसे, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत. दारातून काय दिसे, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. घर नाहीसे झाले तरी त्याच्या दारातून दिसणारी टेकडी, नदी किंवा रुळांची ओळ बहुधा जागेवर असते, आणि शोधणाऱ्याला उभे कोठे राहावयाचे ते तिच्यावरून कळते.